मालकीहक्काचा विमा कोणासाठी?



पीक विमा आपण पाहिला. हप्ता कापताना कोणी विचारत नाही आणि भरपाई मागताना मंडळ, पर्जन्यमापक, पंचनामा असे सगळे आडवे येते. त्यामुळे 'आता जमिनीच्या मालकीचाही विमा निघतो' असे बैठकीत सांगितले की पहिल्यांदा हशा होतो. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बांधकाम प्रकल्पांसाठी २०१६ साली जो रेरा कायदा झाला, त्याच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या आणि इमारतीच्या टायटलचा, म्हणजे मालकीहक्काचा, विमा बिल्डरने काढावा अशी तरतूद आहे. राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली की ती लागू होते. आपल्याकडच्या काही विमा कंपन्यांनी असे विमे बाजारात आणलेही आहेत. सध्या ही भानगड शहरातल्या इमारतींपुरती आहे. पण इमारत उभी राहते ती कोणाच्या तरी वावरावरच. तालुक्याच्या गावाबाहेर, समृद्धी महामार्गाच्या आजूबाजूला जिथे कापसाच्या जमिनीचे प्लॉट पडत आहेत, तिथे खरेदीदार आणि बँक पहिला प्रश्न टायटलचाच विचारतात. हा विमा कुठून आला, कसा वाढला आणि त्यात कोणाचे भले झाले, हे आपल्याला आधीच माहीत असलेले बरे.

हा माल अमेरिकेचा. १८६८ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात वॉटसन विरुद्ध म्यूरहेड असा एक खटला झाला. वॉटसनने जमिनीच्या व्यवहारात पैसे घातले. कागद तपासून देणारा होता म्यूरहेड. मालमत्तेवर कोर्टाच्या जुन्या निकालाचा बोजा होता आणि तो म्यूरहेडला दिसलाही होता. त्याने वकिलाला विचारले. वकील म्हणाला, हा बोजा लागू होत नाही. म्यूरहेडने टायटल स्वच्छ असल्याचे सांगून टाकले. वकिलाचे मत चुकीचे निघाले आणि वॉटसनचे पैसे बुडाले. न्यायालयाने निकाल दिला की म्यूरहेडने वकिलाचा सल्ला घेतला होता, म्हणजे हलगर्जीपणा केला नाही, तेव्हा भरपाई मिळणार नाही. आपल्याकडेही कर्ज देताना बँक वकिलाचा सर्च रिपोर्ट मागते, त्याची फी आपल्याच खिशातून जाते, आणि तो रिपोर्ट चुकला तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. तोच प्रश्न तिथे उभा राहिला.

त्यावर १८७४ मध्ये त्या राज्याने कायदा केला आणि १८७६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया शहरात 'रिअल इस्टेट टायटल इन्शुरन्स कंपनी' सुरू झाली. ही या धंद्यातली पहिली कंपनी मानली जाते. कंपनीचे म्हणणे साधे होते. कागद आम्ही तपासू. तपासण्यात चूक झाली, किंवा तपासूनही दिसणार नाही अशी खोट निघाली, म्हणजे खोटी सही, लपवलेला वारस, तर नुकसान आम्ही भरून देऊ. हप्ता एकदाच, खरेदीच्या वेळी. बाकीचे विमे उद्या काय होईल त्याचे असतात. हा विमा काल काय होऊन गेले त्याचा.

खरी वाढ मात्र शिकागोत झाली, आणि तिथली हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत जमिनीचे दस्त जिल्ह्याच्या कचेरीत नोंदवत, पण त्यांची सूची विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावावर असे. एखाद्या तुकड्याचा इतिहास शोधायचा तर नावामागून नाव धुंडाळत मागे जावे लागे. १८४७ साली शिकागोत एडवर्ड रकर नावाच्या कारकुनाने दुसरी पद्धत काढली. प्रत्येक तुकड्याला वहीत आपले पान, आणि त्या तुकड्याचे सगळे व्यवहार त्याच पानावर. आपल्याला यात नवल वाटणार नाही. गट नंबर सांगितला की उतारा निघतो, ही सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, तिच्यापासून हे चालत आले. फरक एवढाच की आपल्याकडे ती वही सरकारने सारा वसूल करण्यासाठी केली, आणि शिकागोत ती खाजगी माणसाने विकण्यासाठी केली.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोला आग लागली. दोन दिवसांत सतरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या, सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. कोर्टाची इमारत जळाली आणि तिच्याबरोबर जिल्ह्याचे जमिनीचे सगळे सरकारी दप्तर जळाले. कोण कोणत्या जागेचा मालक, हे सांगणारा एकही सरकारी कागद उरला नाही. उरल्या त्या तीन खाजगी पेढ्यांच्या वह्या. चेस ब्रदर्स, शॉर्टाल अँड होर्ड, आणि जोन्स अँड सेलर्स. आगीतून या लोकांनी वह्या गाड्यांवर घालून बाहेर काढल्या होत्या. एकाही पेढीकडे सगळे दप्तर नव्हते, पण तिघांचे एकत्र ठेवले की जवळजवळ पूर्ण होत होते. तिघे एकत्र आले.

विचार करा, तहसील जळाली आणि सातबाऱ्याची नक्कल फक्त एका अडत्याकडे उरली, तर गावात राज्य कोणाचे? १८७२ मध्ये इलिनॉय राज्याने 'जळालेल्या दप्तराचा कायदा' केला आणि या खाजगी नोंदी कोर्टात पुरावा म्हणून चालतील असे ठरवले. दुसरा इलाज नव्हता. शहर पुन्हा उभे राहायचे तर जागेवर कर्ज हवे, कर्जाला टायटल हवे, आणि टायटल सांगणारी दुकाने एकाच मालकीची. त्या वह्यांचा वारसा फिरत फिरत ज्या कंपनीकडे गेला ती 'शिकागो टायटल अँड ट्रस्ट'. १९०१ पर्यंत शिकागोतले या धंद्यातले मोठे प्रतिस्पर्धी तिच्यात मिसळून गेले होते. कंपनीचे भांडवल म्हणजे पैसा नव्हे, दप्तर. हे लक्षात ठेवा. ज्याच्या हातात दप्तर, त्याच्या हातात जमिनीचा बाजार. या गोष्टीचा संबंध अमेरिकेपुरता नाही.

शिकागोच्या लोकांनी यावर उपाय शोधला नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली एक कायदा करून घेतला होता. त्यात सरकारच मालकीची नोंद ठेवते, नोंद हीच मालकी मानली जाते, आणि सरकारी चुकीने कोणाचे नुकसान झाले तर सरकारी निधीतून भरपाई मिळते. इलिनॉयने १८९५ मध्ये तसा कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १८९७ मध्ये सुधारून पुन्हा केला आणि शिकागोचा कुक जिल्हा त्यात गेला. पण तो ऐच्छिक होता. आधी कोर्टात जाऊन मालकी ठरवून घ्यायची, तिला वेळ आणि खर्च. वकील आणि टायटल कंपन्या विरोधात. कर्ज देणारे म्हणत, सरकारी दाखला ठीक आहे, पण आम्हाला कंपनीची पॉलिसी पाहिजे. अशी शंभर वर्षे कशीबशी रखडत ती योजना १९९० च्या दशकात बंद झाली. चांगला कायदा अर्धवट मनाने केला म्हणजे त्याचे काय होते, याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडे अशा कायद्यांची वाण नाही.

धंदा वाढला तो मात्र घरमालकामुळे नाही, सावकारामुळे. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या आयुर्विमा कंपन्यांना आपला पैसा दूरच्या राज्यांत घरांवर आणि शेतीवर कर्जाने द्यायचा होता. तिथला वकील कसा आहे, तिथले दप्तर कसे आहे, त्यांना काय माहीत! त्यांना सगळीकडे एकसारखा कागद हवा होता. १९२९ मध्ये टायटल कंपन्यांच्या संघटनेने कर्ज देणाऱ्यांसाठी एकसारख्या मजकुराची पॉलिसी तयार केली. न्यूयॉर्कमध्ये काही कंपन्यांनी हाव केली. मालकीची हमी देता देता त्या कर्जफेडीचीही हमी देऊ लागल्या. मंदीत कर्जे थकली आणि १९३३ साली अशा बऱ्याच कंपन्या राज्याच्या विमा खात्याला ताब्यात घ्याव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरकर्जांचा पूर आला, बँकांनी ती कर्जे पुढे विकायला सुरुवात केली, आणि प्रत्येक कर्जामागे एक पॉलिसी हे ठरूनच गेले.

मग मोठा मासा लहान माशाला गिळतो तसे झाले. २००० साली फिडेलिटी नॅशनल फायनान्शियल या कंपनीने शिकागो टायटल विकत घेतली. २००८ च्या मंदीत लँडअमेरिका नावाची मोठी टायटल कंपनी दिवाळ्यात गेली. तिच्या पोटातल्या कॉमनवेल्थ कंपनीचे मूळ थेट १८७६ च्या फिलाडेल्फियापर्यंत जाते. तीही फिडेलिटीनेच घेतली. म्हणजे पहिली कंपनी आणि आगीतून वाचलेल्या वह्यांची कंपनी, दोन्ही एकाच घरात आल्या. २०१८ मध्ये फिडेलिटीने स्टुअर्ट ही आणखी एक मोठी कंपनी घ्यायचा घाट घातला. तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने हरकत घेतल्यावर २०१९ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

आता हिशेब पाहू. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने २००७ साली या धंद्यावर अहवाल दिला. टायटल विम्याच्या हप्त्यांपैकी नुकसानभरपाईवर जाणारा भाग सुमारे ५ टक्के होता. गाडी, घर अशा इतर विम्यांत हाच भाग सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. मग बाकीचे पैसे कुठे गेले? सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एजंटांकडे. कंपन्या म्हणतात, आमचा खर्च आधी कागद तपासण्यात होतो, म्हणून पुढे भरपाई कमी लागते. यात तथ्य आहे. बियाणे तपासून पेरले तर दुबार पेरणी कमी होते, तसेच हे. पण तपासणीला एवढे लागते का, हा प्रश्न उरतोच.

आमचे काही मित्र म्हणतील, बाजार आहे, स्पर्धा आहे, भाव आपोआप खाली येईल. बाजाराला भिणारे आम्ही नाही. कापसाच्या एकाधिकार खरेदीत आपले काय झाले ते आपण भोगले आहे. पण बाजार म्हणजे जो पैसे देतो तो निवड करतो. इथे पैसे देतो घर घेणारा. कंपनी कोणती हे सुचवतो दलाल, वकील किंवा कर्ज देणारा. आयुष्यात एकदा-दोनदा घर घेणाऱ्याला दर विचारायचे सुचत नाही. त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा ग्राहकाला स्वस्त देण्याची होत नाही, शिफारस करणाऱ्याला खूश ठेवण्याची होते. या चोरट्या कमिशनवर बंदी घालणारा कायदा तिथे १९७४ मध्येच करावा लागला. ज्याने कृषी सेवा केंद्रात उधारीवर फवारणीचे औषध घेतले आहे, त्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

हे सगळे अमेरिकेचे दुखणे, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. आम्हाला जी चिंता वाटते ती वेगळीच आहे.

समजा, एका बापाच्या नावावर सहा एकर कोरडवाहू. बाप गेला. थोरल्याने तलाठ्याकडे जाऊन फक्त आपले नाव लावून घेतले. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांची नावे राहिली. धाकट्याने कर्जापायी जीव दिला, त्याच्या बायकोचे नाव लागलेच नाही. असे किती सातबारे प्रत्येक गावात आहेत, ते तुम्ही आम्हाला सांगा. थोरल्याने ते शेत विकले. घेणाऱ्याने मालकीचा विमा काढला. दोन वर्षांनी ती विधवा दावा करते, माझा हिस्सा द्या.

आज काय होते? घेणारा घाबरतो. गावातली चार माणसे बसतात. काही रक्कम देऊन हक्कसोड पत्र करून घेतले जाते. न्याय पुरा होत नाही, पण बाईच्या हातात काहीतरी पडते, कारण समोरच्यालाही खटल्याची भीती आहे. आता विमा असेल तर? टायटल विम्यात नुकसानीबरोबर कोर्टात बचाव करण्याचा खर्चही कंपनीच उचलते. घेणारा निश्चिंत. बाईच्या समोर उभा राहतो तो कंपनीचा वकील, ज्याला घाई नाही आणि पैशाची काळजी नाही. बाई हरली तर तिला काही नाही. जिंकली तर कोर्टाने दिलेला हिस्सा तिला मिळेल, पण भरपाई घेणाऱ्याला. विमा त्याचा आहे, तिचा नाही. हक्क जिचा, तिला विम्याचे छत्र नाही. हक्क मोडून ज्याने घेतले, छत्र त्याच्या डोक्यावर.

आणखी एक. अमेरिकेतल्या नेहमीच्या पॉलिसीत, जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे पण ज्याची नोंद नाही, त्याचे हक्क विम्यातून वगळलेले असतात. जास्त पैसे भरून ते आत घेता येतात. म्हणजे कंपनी आधी विचारणार, शेतात कोण आहे? ठोक्याने करणारा, बटईने करणारा, आपसी वाटणीत आलेला तुकडा वीस वर्षे वाहणारा भाऊ, हे सगळे कंपनीच्या दृष्टीने धोका. धोका काढून टाका, मग पॉलिसी देतो, असे घेणाऱ्याला सांगितले जाणार. काढून टाकायचे म्हणजे कोणाला, ते समजून घ्या.

मग अमेरिकेत दुसरा रस्ता कोणीच धरला नाही का? धरला, आणि तो शेतकऱ्यांच्या राज्याने धरला. आयोवा हे मक्याचे आणि सोयाबीनचे राज्य. १९४७ मध्ये त्याने आपल्या हद्दीत टायटल विमा विकायला बंदी केली. शिकागो टायटल कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९७७ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. तिथे स्थानिक माणूस दप्तरावरून उताऱ्याचा गोषवारा काढतो, वकील तो तपासतो, आणि १९८५ पासून राज्याचीच संस्था त्यावर हमी देते. आभाळ कोसळले नाही. कर्जेही मिळतात, जमिनीही विकल्या जातात.

आपल्याकडे मूळ दुखणे हे की सातबारा मालकीचा पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ एवढेच म्हणते की खोटे ठरेपर्यंत नोंद खरी मानावी. खरेदीखत नोंदवले म्हणजे दस्त नोंदला गेला, विकणारा खरा मालक होता की नाही हे दुय्यम निबंधक पाहत नाही. आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ८६ सांगते की सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल नोंदणी अधिकाऱ्यावर जबाबदारी नाही. मुद्रांक शुल्क घेताना सरकार पुढे, चूक निघाली की सरकार कुठेच नाही. हीच ती रिकामी जागा, जिच्यात विमा कंपनी शिरते. पुण्याच्या गोखले संस्थेचे डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ सालीच नियोजन आयोगाला अहवाल देऊन सांगितले होते की मालकीची हमी सरकारने घ्यावी. त्यानंतर संगणकीकरण झाले, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, छपाई सुंदर झाली. हमी आली नाही. चुकीची नोंद संगणकात गेली की ती चूक स्वच्छ अक्षरात येते, एवढाच फरक.

सरकारी हमी मागताना डोळे मिटून मागू नये, हेही सांगतो. आंध्र प्रदेशने मालकीहक्काचा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू केला. मालकी ठरवण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. ज्या बाईचे नाव आधीच गाळले गेले, तिचे नाव कायमचे गाळण्याची ती सोय होती. लोकांत भीती पसरली, २०२४ च्या निवडणुकीत तो मोठा प्रश्न झाला, आणि त्याच वर्षी नव्या सरकारने कायदा रद्द केला. आमची मागणी हमीची आहे, कोर्ट बंद करण्याची नाही. महसूल खात्याच्या चुकीने ज्याची जमीन किंवा पैसा गेला, त्याला मुद्रांक शुल्कातून वेगळ्या ठेवलेल्या निधीतून भरपाई मिळावी. ती मिळू लागली की नोंदी आपोआप सुधारतील, कारण चुकीची किंमत चूक करणाऱ्याच्या घरातून जाईल.

तोवर आपले घर आपण झाकायचे. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. बुलढाणा जिल्ह्यातून ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. मयताची नावे कमी करून वारसांची लावायची, असे काम होते. ज्यांचे त्यात झाले ते झाले, बाकीच्यांनी मोहिमेची वाट पाहू नये. वारस नोंदीचा अर्ज कधीही देता येतो. अर्ज देताना बहिणींची आणि भावजयीची नावे गाळू नका. पुढे त्यांनी आपखुशीने हक्क सोडला तर सोडला, तो वेगळा दस्त आहे. फिटलेल्या कर्जाचा बोजा 'इतर हक्कां'त तसाच राहिला असेल तर बँकेचा दाखला देऊन तो उतरवून घ्या. संगणकात चढवताना क्षेत्र किंवा नाव चुकले असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गटाचा सातबारा, आठ-अ आणि शेवटच्या तीन फेरफारांच्या नकला आणाव्यात. सकाळच्या सत्रात गावनिहाय बसून कोणाची नावे राहिली आहेत त्याची यादी करू आणि दुपारी ती यादी घेऊन तहसीलदारांना भेटू. ज्या घरात कर्ता गेला आहे, तिथल्या बाईला बरोबर घेऊन या. तिच्या वतीने दुसऱ्याने बोललेले आम्ही लिहून घेणार नाही.